पेटीतली लोंबी

परदेशातून पत्र आलं त्या दिवशी हौसाआत्या दुपारी दोन वाजता घरी आली. कारखान्याचा भोंगा पाचला व्हायचा. आईने आत्याकडे पाहिलं, अंगणातल्या उन्हाकडे पाहिलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. आत्याने पाय धुतले, पडवीत बसली आणि म्हणाली, "पॅकिंग बंद केलंय. उद्या सगळ्या बायांना सायबांनी बोलवलंय."

आत्या गेली त्याला आता आठ महिने झाले. तिच्याबद्दल काही लिहून ठेवावं म्हणून मी वही घेऊन बसते, आणि दर वेळी हीच दुपार आधी येते. तिचं शेवटचं आजारपण इतकं जवळचं असूनही मागे राहतं. तेव्हा त्या दुपारपासूनच सुरुवात करते.

हौसाआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नानंतर तीन वर्षांत नवरा गेला आणि ती पत्र्याची एक ट्रंक घेऊन आमच्या घरी परत आली. मी तेव्हा रांगत होते, त्यामुळे तिच्याशिवायचं घर मला आठवतच नाही. आमचं गाव खालापूर तालुक्यात, पाताळगंगेच्या काठाला. साजगावची जत्रा भरली की सुक्या बोंबलांच्या गोणी डोक्यावर घेतलेली माणसं आमच्या दारावरून जायची, इतकं ते जवळ. वडील भातशेती करायचे. साजगावच्या बाजूला एकामागून एक कारखाने उभे राहू लागले, त्यातला एक चिनी मातीच्या कपबश्यांचा होता. त्यांना पॅकिंगला बायका हव्या होत्या. आमच्या बायका दुसऱ्याच्या शेतावर लावणी-कापणीला जायच्या, पण भोंग्यावर कामाला जायला कोणी तयार नव्हतं. आत्या गेली. वडील आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी तिच्या चपलेचा तुटलेला अंगठा त्यांनीच चांभाराकडून शिवून आणला, आणि तो विषय संपला. वर्षभरात आत्यामागोमाग सतरा जणी गेल्या.

कप पेटीत घालण्याआधी तो वाजवून बघायचा असतो. डाव्या हाताच्या बोटात कान अडकवून कप लोंबता धरायचा आणि उजव्या हातातल्या लाकडी काडीने त्याला हलकेच मारायचं. चांगला कप टण्ण वाजतो आणि तो आवाज थोडा वेळ हवेत राहतो. डोळ्यांना न दिसणारी चीर असली तर नुसता बद आवाज येतो. अठरा बायका दिवसभर हेच करत. रस्त्यावरून जाताना वाटायचं, छपरात घुंगरं बांधलेली गुरं कोंडली आहेत. आत्याला त्याची इतकी सवय झाली होती की ती घरातलं सगळंच वाजवून बघायची. बाजारातून आणलेला माठ, नारळ, आईची कढई. मी पुस्तकात डोकं घालून बसले आणि हाकेला ओ दिली नाही, की माझ्या कपाळावर बोटाचं पेर आपटून आईला सांगायची, "वयनी, हे भरलेलं हाय. वाजत नाय."

बद वाजणारे कप कामगारांना घरी न्यायला मिळत. त्यामुळे आमच्या घरी वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी ॲल्युमिनियमच्या ताटलीत, पण चहा मात्र निळ्या वेलीच्या कपात असायचा. तो नमुना आपल्याकडच्या दुकानात मिळतच नसे, नुसता बोटीने बाहेर जायचा. त्या वेलीला कुठली फुलं आहेत यावर आई आणि आत्याचं कधी एकमत झालं नाही. आई म्हणे गोकर्ण. आत्या म्हणे, "तिकडची फुलं हायेत ती, आपल्याला कशी ठावं असनार."

कप वाजवून झाले की ते पेंढ्यात गुंडाळायचे. पेंढा आमच्या आणि आसपासच्या गावांतून जायचा. कापणीनंतर फळीवर भाताच्या पेंढ्या झोडल्या की जो पेंढा उरतो, त्यातला लांब काडीचा आत्या स्वतः निवडून बाजूला काढायची. त्यावर पाण्याचा हबका मारला की काडी वाकते, मोडत नाही. सहा कप एकात एक बसवायचे, मधे पेंढा, बाहेरून पेंढा, वरून पिळा. मग लाकडी पेटीत खाली गादी, कडेला गादी, वर गादी. शेवटी झाकण ठोकलं की एक रंगारी पत्र्याचा छाप ठेवून काळ्या रंगाने बंदराचं नाव उमटवायचा. आत्याला अक्षर येत नव्हतं. पण नव्या छापाचं नाव आलं की ती त्या आकृत्या डोळ्यांत साठवून आणायची आणि संध्याकाळी चुलीपुढच्या राखेत बोटाने काढून दाखवायची. मी ती वाचायची आणि नकाशात शोधायची. मोंबासा आम्हाला तेव्हा सापडलं. रॉटरडॅमला दोन संध्याकाळी लागल्या, कारण आत्याने एक अक्षर उलटं काढलं होतं.

नकाशाचं ते पुस्तक पाध्ये साहेबांचं. माल पाठवण्याचं खातं त्यांच्याकडे होतं. पुण्याचे, किडकिडीत, बारा महिने छत्री बाळगणारे. पॅकिंगच्या बायकांना ते 'अहो बाई' म्हणत. सुरुवातीला बायका तोंडाला पदर लावून हसल्या, कारण त्यांना नवऱ्यानेही कधी अहो म्हटलं नव्हतं. एकदा मी आत्याचा डबा द्यायला गेले आणि पेट्यांवरची नावं वाचत उभी राहिले, ते त्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी आत्याबरोबर नकाशाचं पुस्तक आलं. काही महिन्यांनी इंग्रजी-मराठी शब्दकोश आला. वापरायला दिलेला, परत करायचा. मी आभार मानायला गेले तर म्हणाले, "शब्द अडला तर अंदाज करू नकोस. उघडून बघ." मला आयुष्यात मिळालेला हा पहिला अभ्यासाचा नियम.

पुढे मी कर्जतला शिक्षिका झाले आणि कितीतरी वर्षं वाणिज्य शिकवलं. आंतरराष्ट्रीय व्यापार वाढण्याची कारणं हा दरवर्षीचा हमखास प्रश्न. जहाजं वेगवान झाली, तार आणि टेलिफोन पोहोचले, बँका एकमेकींच्या कागदावर विश्वास ठेवू लागल्या, सरकारांनी जकाती उतरवल्या, मालाचे पोलादी डबे आले, मजूर स्वस्त मिळू लागले. मी सांगायची, मुलं उतरवून घ्यायची. सगळी कारणं खरीच आहेत. शेवटच्या मुद्द्याशी आले की मला आत्याच्या डाव्या हाताचं बोट दिसायचं, कपाचा कान अडकवून अडकवून घट्टा पडलेलं. मुलांना वाटे बाई मुद्दा विसरल्या. मग मी पुढचं वाक्य सांगायची.

आता लोंबीचं सांगायला हवं. पत्र येण्याच्या वर्षभर आधी एका खेपेतले पुष्कळ कप वाटेत फुटले होते. बायकांना बोलणी बसली. आत्या त्या दिवशी जेवली नाही. तिने पेट्या काळजीने भरल्या होत्या, मग कमी कुठे पडली याचाच ती विचार करत होती. सकाळी भाकरी थापता थापता तिला उत्तर सापडलं. आईला म्हणाली, "लेक सासरला निघाली तर आपन तिची ओटी रिकामी ठेवतो काय? हे तर बोटीतनं चाललेत, कुठच्या कुठं." दसऱ्याला आम्ही दाराला आंब्याच्या पानांबरोबर नव्या भाताची लोंबी बांधतो. तिने त्या जुडीतली एक लोंबी काढली, पदराला बांधली आणि त्या दिवशीच्या पहिल्या पेटीत झाकणाखाली, कोपऱ्यात ठेवली. पुढची खेप सुखरूप पोहोचली. आता कळतं की बोलणी खाल्ल्यावर सगळ्यांनी पेंढा जास्त घट्ट भरला असणार. पण बायकांनी लोंबीचा गुण मानला. मग प्रत्येक पेटीची ओटी भरायची पद्धतच पडली. साहेबाला सांगावं असं कुणाला वाटलं नाही, जसं आपण ओटी भरल्याचं जावयाला सांगत नाही. त्या लोंब्या रविवारी मी निवडून द्यायची. टपोऱ्या दाण्याच्या, एकही पळींज, म्हणजे पोकळ दाणा, नसलेल्या. परक्याच्या दारी जायच्या म्हणून मी त्यातल्या त्यात सुरेख शोधायची.

पत्र ऑस्ट्रेलियातून आलं होतं. तिथल्या बंदरावर झाडापाल्याची आणि बियाण्यांची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याने एक पेटी उघडली. आत लोंबी निघाली आणि लोंबीत दोन जिवंत किडे. त्यांनी सगळी खेप अडवली होती. पाध्ये साहेबांनी बायकांना एवढंच सांगितलं होतं आणि काम थांबवलं होतं.

संध्याकाळी शेजारची यमुनाकाकी आली. तीही पॅकिंगलाच होती, घरात तीन लहान मुलं आणि नवरा मुंबईला गेलेला, तो कधीतरी यायचा. ती म्हणाली, देवाचं दानं ठेवलं त्यात कुनाचं काय वाईट केलं. वडील म्हणाले, साहेबाने विचारलं तर सगळ्यांनी ठाऊक नाही म्हणावं, अठराजणींना काढून ते काय करतील. आत्या वडिलांना म्हणाली, "अरं दादा, ओटी मी भरायला लावली. ठावं नाय कसं सांगू?" वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी नववीत होते. सातवीनंतर मला शाळेतून काढायचं ठरत होतं तेव्हा आत्याने मधे पडून माझ्या शिक्षणाचा भार स्वतःवर घेतला होता. तिचं काम गेलं तर माझी शाळा जाणार हे त्या पडवीत कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना कळत होतं. यमुनाकाकी गेल्यावर आत्या मला म्हणाली, "सुमे, उद्या शाळा नको. माझ्यासंगं चल. पत्रात काय लिवलंय ते मला तू वाचून सांग."

मी म्हटलं, साहेबांनी सांगितलंय की.

"सायबांनी सायबांचं सांगितलं. मला कागदातलं ऐकायचंय."

सकाळी पॅकिंगच्या छपराखाली पहिल्यांदाच आवाज नव्हता. कप रांगेने मांडलेले, काड्या त्यांच्या बाजूला, आणि बायका पेंढ्याच्या भाऱ्यांवर बसलेल्या. पाध्ये साहेबांच्या शेजारी खुर्चीवर मुंबईहून आलेला मालकांचा माणूस होता. तो घड्याळ बघत म्हणाला, हे कुणी केलं त्याचं नाव मला आजच घेऊन जायचंय. आत्या उठून उभी राहिली. म्हणाली, मी केलं, बाकीच्यांनी माझं बघून केलं. मागे यमुनाकाकी रडू लागली. मालकांच्या माणसाने पेन काढलं.

"लिवा," आत्या म्हणाली. "पन आधी त्या कागदात काय हाय ते माझ्या पोरीला वाचू द्या."

तो हसला. आत्या हसली नाही, आणि खालीही बसली नाही. पाध्ये साहेब क्षणभर पत्राकडे बघत राहिले. मग त्यांनीच ते उचलून माझ्या हातात दिलं आणि टेबलाच्या खणात त्यांचा कार्यालयातला शब्दकोश होता, तोही माझ्यापुढे ठेवला.

दोन पानं होती आणि एक फोटो टाचलेला होता. काळ्या-पांढऱ्या फोटोत एक लोंबी, शेजारी मोजपट्टी ठेवलेली. मी ती लोंबी ओळखली असं मला वाटलं. तसं वाटणं खुळेपणाचं होतं, पण आजही तो फोटो पाहिला की तेच वाटतं. मी एकेक ओळ इंग्रजीत वाचायची आणि मराठीत सांगायची. तीन शब्द अडले, तिन्ही उघडून बघितले. पेंढा जाळून टाकला होता. कप धुऊन पुढे सोडणार होते, खर्च कारखान्यावर. किडे भाताचे होते आणि त्यांच्याकडे तो किडा नव्हता, म्हणून त्यांना भीती होती. इथे आत्याने मान हलवली. हे तिला पटलं. शेतकऱ्याच्या घरातल्या बाईला किडीची भीती समजावून सांगावी लागत नाही.

दुसऱ्या पानावर मी थांबले. तिथे लिहिलं होतं, 'आमच्या आधीच्या पत्रासोबत पाठवलेल्या सूचनांत कळवल्याप्रमाणे कोणत्याही प्रकारचा पेंढा, गवत किंवा पाला पॅकिंगला चालणार नाही.' मी ते मनातल्या मनात दोनदा वाचलं. म्हणजे लोंबी नसती तरी पेट्या अडल्याच असत्या. आणि ते आधीचं पत्र ज्यांच्याकडे आलं असणार, ते माझ्यासमोर उभे होते. मी वर पाहिलं तर पाध्ये साहेब माझ्याकडेच बघत होते. त्यांनी नजर काढून घेतली नाही.

"थांबलीस का गं?" आत्याने विचारलं.

अंदाज करू नकोस असं मला ज्या माणसाने सांगितलं होतं, त्याच्यासमोर मी ते वाक्य वाचलं. शाळेत कविता म्हणतात तशा मोठ्या आवाजात, आधी इंग्रजीत, मग मराठीत. छपराखालच्या सगळ्यांना ऐकू गेलं.

मालकांच्या माणसाने पेन बंद केलं आणि साहेबांकडे वळला. साहेबांनी चष्मा काढला. "ते पत्र दिवाळीच्या आधी आलं होतं," ते म्हणाले. "माझ्या टेबलावर आहे. मी वाचलं होतं. मला वाटलं, पेंढ्यात काय असणार? आमच्याकडे आंबेसुद्धा पेंढ्यातच येतात." मग ते त्या माणसाला म्हणाले, "बाईंचं नाव लिहू नका. माझं लिहा."

परतताना नदीपर्यंत आत्या माझ्या पुढेच चालत राहिली. मला वाटलं होतं ती माझी पाठ थोपटेल. तिचं काम टिकलं होतं, यमुनाकाकीचं टिकलं होतं, माझी शाळा टिकली होती. नदीवर तिने पाय धुतले, तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाली, "वाचलंस ते बराबर केलंस. पन जरा हळू वाचायचं होतं गं. मानूस समोर उभा होता."

तीन आठवड्यांनी पॅकिंग सुरू झालं. पेंढ्याऐवजी खोपोलीच्या कागद कारखान्यातून कापलेल्या कागदाच्या पट्ट्या येऊ लागल्या. बायकांना त्या आवडल्या नाहीत. त्यांना वास नव्हता आणि त्यांनी बोटं कापत. आमच्या गावांचा पेंढा जायचा थांबला, तो वडील पुन्हा गुरांना घालू लागले. लोंबी ठेवणं अर्थातच बंद झालं. पण आत्या झाकण ठोकण्याआधी आपला रिकामा हात पेटीच्या कोपऱ्यात क्षणभर ठेवायची आणि काढून घ्यायची. ते मी स्वतः पाहिलं आहे. त्याला कुठलीच सूचना आड येत नव्हती.

पाध्ये साहेबांना भांडारात बसवलं. तिथे ते फार दिवस राहिले नाहीत, शिमग्याच्या सुमारास पुण्याला निघून गेले. त्या वेळी त्यांच्याकडचा शब्दकोश माझ्याजवळ होता. मी तो आत्याबरोबर परत पाठवला, कारण स्वतः जायचा धीर नव्हता. संध्याकाळी आत्या तो घेऊन परत आली. तुझ्याकडेच असू दे म्हणाले, एवढाच निरोप. उघडून पाहिला तर आत तो लोंबीचा फोटो होता. चिठ्ठी नव्हती. पत्र माझ्या हातात देताना दुसऱ्या पानावर काय आहे हे त्यांना आठवत होतं का, हा प्रश्न मला पन्नास वर्षं पडलेला आहे. मला वाटतं, आठवत होतं. त्यांचा पत्ता कारखान्यातून मिळाला असता. मी पत्र लिहिलं नाही. आधी काय लिहावं सुचेना, नंतर फार उशीर झाला असं वाटू लागलं, आणि मग खरोखरच उशीर झाला.

आत्या आणखी बरीच वर्षं त्या छपराखाली होती. कागद गेला, थर्माकोल आला. मग पेट्या जाऊन घराएवढे पोलादी डबे दारात उभे राहू लागले, पुढे उरणच्या बाजूला नवं बंदर झालं आणि डबे तिकडे जाऊ लागले. आमचे कप जगात जाण्याचा रस्ता जसा सोपा झाला, तसा जगातल्या कपांचा आमच्याकडे येण्याचाही झाला. कारखाना आधी एका पाळीवर आला आणि मग बंद पडला. त्याबद्दल आत्या कधी कडवट बोलली नाही. म्हातारपणी ती माझ्याकडे कर्जतला राहायला आली. एकदा बाजारात भांड्यांच्या दुकानात तिने परदेशातून आलेला एक कप उचलला, बोटात अडकवला आणि दुकानदाराच्या काट्याचमच्यांतला एक चमचा घेऊन त्याला मारलं. दुकानदार म्हणाला, आजी, फुटेल. ती आवाज विरेपर्यंत ऐकत राहिली. मग मला विचारलं, कुठला हाय? मी उलटा करून देशाचं नाव सांगितलं.

"चांगला वाजतोय," ती म्हणाली. "कोन्या बाईनं नीट बघून धाडलाय."

आम्ही तो घेतला नाही. घरी कप होते.

आत्याच्या ट्रंकेत दोन लुगडी, तिचं कामाचं ओळखपत्र आणि एक लाकडी काडी निघाली. दसऱ्याला मी इथल्या फ्लॅटच्या दाराला लोंबी बांधली. ती बाजारात विकत मिळते. शब्दकोश माझ्या टेबलावर आहे आणि त्यात तो फोटो आहे. निळ्या वेलीचे तीन कप उरले आहेत. तिन्ही बद वाजतात, आणि मी रोज त्यातच चहा घेते.